एक्क्याण्णव चिंचोके आणि ती बाई

किन्हवलीजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत मी लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायचं नाही. पण त्या शाळेइतकं सुख मला पुढे कुठेच लाभलं नाही. शनिवारी दुपारी मुलं गेली की वाडीवरची एक बाई जमीन सारवायला यायची. ओल्या शेणाचा तो गार वास अजून आठवतो.

त्या आठवड्यात मूळ संख्या चालल्या होत्या. चिंचोके सारख्या ओळींत मांडायचे. एका लांब रांगेखेरीज दुसरी मांडणी जमली नाही, की ती मूळ संख्या. शंभरपर्यंतची यादी मी फळ्यावर लिहिली आणि त्यात एक्क्याण्णवही घातले. दोन, तीन, पाच लावून पाहिले, जमेना, तेव्हा पुढे पाहिलंच नाही.

शनिवारी सारवण्यासाठी बाईने जमिनीवर मांडलेले ते एक्क्याण्णव चिंचोके उचलायला घेतले, सातसात करून. मग हसली.

"गुरुजी, ह्या तर बराबर तेरा पत्रावळी झाल्या. येक पान उरला नाय."

सात पानांची एक पत्रावळ, अशा पत्रावळी टाचून ती शहापूरच्या बाजारात विकायची. सात तिच्या हातातच होते.

मी ओशाळून एक्क्याण्णव पुसले आणि सत्त्याण्णव चिंचोके मांडले. दोन, तीन, पाच, कशानेच जमेना. साताने सहा उरले.

"आता अकराने बघू," मी म्हणालो.

"कशाला? अकराच्या वळी लावल्या तर नऊ पन व्हनार नाय. उभं बघा नायतर आडवं बघा, नवाच्या आतलं सगलं बघून झालं ना? का आज घरी जायाचा नाय तुमाला?"

मी थक्क झालो. दोनाने जमलं नाही म्हणजे चार, सहा, आठ आपोआप गेले. सातावरच का थांबायचं, हे मला ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

जाताना तिने विचारलं, "मला आकडं लिवायला शिकवाल?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी अचानक तपासणीचे साहेब आले. मी सत्त्याण्णव चिंचोके मांडून सातावरच थांबायची ती युक्ती करून दाखवली. साहेब खूश.

"हे कुणी सुचवलं?"

"मलाच सुचलं, साहेब."

दाराबाहेर ती बाई शेणाची टोपली घेऊन थांबली होती. साहेब गेल्यावर आत आली आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं गुरुजी. मंग आज आकडं?"

"आज नको," मी म्हणालो. त्यानंतर दर शनिवारी काही ना काही निमित्त काढलं. तिच्या हातात पाटी-पेन्सिल दिली तर युक्ती खरी कुणाची ते गावाला कळेल, ही भीती होती. शिमग्यानंतर वाडीची माणसं वीटभट्ट्यांवर गेली. पावसाच्या तोंडावर ती परतली तोवर मी बढती घेऊन मुरबाडला पोचलो होतो. तिथल्या शिक्षकांना ती युक्ती मी दाखवली. ते त्या युक्तीला माझ्या नावाने ओळखू लागले आणि मी ओळखू दिलं.

ती युक्ती माझी नाही. शाळा सारवणाऱ्या त्या बाईची आहे. बदल्यात तिने शून्यापासून नवापर्यंतचे आकडे मागितले होते. एका दुपारचं काम होतं.