कात्रीची सेवानिवृत्ती

सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातील तमाम रहिवाशांना कळवण्यात येते, आणि ज्यांना ऐकू कमी येते त्यांना शेजाऱ्यांनी ओरडून कळवावे, की आमच्या मेडिकलच्या काउंटरमागे खिळ्याला टांगलेली कात्री बावीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर निवृत्त झाली आहे. हारतुरे आणू नयेत. निरोपाचं भाषण मीच करणार आहे, आणि ते एका माणसाबद्दल आहे.

हा माणूस कोपऱ्यावर सायकलवर दिसला की तिथूनच दोन बोटं हवेत कचाकचा चालवायचा. सायकल एका हातावर डुलायची, मागचा रिक्षावाला शिव्या घालायचा, आणि हे महाशय पायरीला पाय टेकून म्हणायचे, "मालक, कात्री काढा!"

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेत मात्र ते कधीच शिकवायला नव्हते. चादरीच्या कारखान्यात ते जेकार्ड मास्तर होते. चादरीवरचा मोर कुठं उभा राहणार आणि मान कुठं वळवणार, हे ते ठरवायचे. मग कारखाना बंद पडला, आणि त्याच वर्षी घरी त्यांच्या बायकोच्या किडन्यांनीही काम थांबवलं.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते सरकारी योजनेत फुकट होतं. मी एकदा म्हटलं, "चला मास्तर, मोठा बोजा तर उतरला."

"फुकट लई महाग पडतं, मालक," ते म्हणाले. "रिक्षा जायची दे, यायची दे. विंजेक्शन बाहेरनं आण. रक्त तपास. वर ही तुमची जत्रा." जत्रा म्हणजे गोळ्यांची चिठ्ठी. तिच्यात सात प्रकार होते.

त्यातल्या तीन पट्ट्या पूर्ण जायच्या. बाकीच्यांवर कात्री. याच्या पाच कापा, त्याच्या चार.

"डॉक्टरांना विचारलंत का?"

"डॉक्टर डिझाईन काढतो की. सूत कुणाला घालायचं असतंय?" आणि मग ते मला समजावायचे. उभा धागा म्हणजे ताणा, तो पुरा लागतो. आडवा धागा दोन कमी पडला तर गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. तर या तीन गोळ्या ताणा, बाकीच्या आडव्या. मी औषधशास्त्राची पदविका घेतलेला माणूस, मान डोलवायचो. ऐकताना खरंच पटायचं हो!

स्वतः मास्तरांना शुगर होती. त्यांची एक पांढरी गोळी सहा वर्षं माझ्याकडूनच जात होती. बायकोचं दुखणं वाढत गेलं तशी ती गोळी चिठ्ठ्यांच्या गर्दीतून हळूच नाहीशी झाली. विचारलं तर म्हणाले, "सायकल मारतो न्हवं? सगळी उतरती."

आता मंडळी, मी पडलो नाटकी माणूस. मला राहवतंय कुठं! एक दिवस त्यांच्या पांढऱ्या गोळ्या चार कापून पाकिटावर ठेवल्या आणि म्हटलं, "अगंबाई, कात्री घसरली की! राहू द्या आता."

मास्तरांनी चारही गोळ्या बोटानं माझ्याकडे सरकवल्या. "धागे जादा झाले, मालक."

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळीही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, काय मानी माणूस आहे! फुकटची गोळी घेत नाही!

आणि मग मी माझ्या मते फार हुशारी केली. मास्तर गोळ्या मोजून घ्यायचे, पण पाकिटाला स्टेपल मी मारायचो. त्या एका क्षणात मी चार पांढऱ्या गोळ्या आत सोडायला लागलो. नाव आणि तारीख पलीकडच्या तुकड्यावर राहतील अशा बेतानं कापून. मला वाटलं, सहा वर्षांची ओळखीची गोळी आहे, बघतील, हसतील आणि गुपचूप खातील.

एका मंगळवारी मास्तर आले ते चालत. बोटं खाली. बायको सकाळी घामाघूम होऊन बेशुद्ध पडली होती. शुगर एकदम उतरली होती. तिला तर शुगर नव्हतीच! दवाखान्यात सलाईन लावल्यावर शुद्धीवर आली. डॉक्टरांनी गोळ्यांचा डबा पालथा केला, त्यात माझे ते बिननावाचे तुकडे.

मास्तर काउंटरला टेकून म्हणाले, "माझीच जुनी गोळी राहिली असणार डब्यात. मला कुटं वळखू येती? सहा वर्षं बायकोच तळहातावर आणून द्यायची, वर पाणी; आता तिच्या गोळ्या मी काढून देतो. पट्टी कशी असती ते मी कवा नीट बघितलंच न्हाई." आणि पायरी उतरता उतरता, "डिझाईन माझंच चुकलं, मालक."

मी दिवसभर बडबडणारा माणूस. त्या दिवशी मी खोकल्याच्या बाटल्या पुसत बसलो. माझी चूक म्हणावी, कात्रीची म्हणावी, की त्यांच्या त्या मानीपणाची? डोक्यात नुसता गुंता झाला होता.

पुढं तीन-चार महिन्यांनी मास्तरांच्या पायाला चप्पल लागली. शुगरनं जखम भरेना. "सायकलवर हाय की मी, पाय कुटं टेकवतोय," म्हणायचे. नंतर बोट काढलं, नंतर पाऊल. मग एक दिवस रिक्षातून त्यांची बायको एकटीच उतरली. जिच्यासाठी सगळा ताणा लावला होता ती समोर उभी, आणि ताणा लावणारा गेलेला.

चिठ्ठी हातात घेतली. सवयीनं हात कात्रीकडे गेला आणि तिथंच थांबला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी मी सगळं सांगून टाकलं. स्टेपल, पांढऱ्या गोळ्या, तो मंगळवार. "अक्का, तुमच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळं. पण करणार काय? मास्तर इतके मानी. समोर ठेवल्या की परत करायचे."

आधी त्यांना काही समजलंच नाही असं वाटलं. मग पदर तोंडापर्यंत नेला, तो तिथंच राहिला, आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या:

"अवो अण्णा, मानी कसले वो ते! आमाला वाटलं तुमी बिलात धरताय! फुकट हायत म्हणून तोंडानं सांगायचं की, खाल्ल्या असत्या त्यांनी!"