बांधणी विभाग बंद आहे

ग्रंथपालांचा आवाज चांगला होता आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

वय चोपन्न. त्यातली सत्तावीस वर्षं एकाच सार्वजनिक ग्रंथालयात गेलेली. देवघेवीच्या खिडकीवर तारखांचे शिक्के मारत सुरुवात केली आणि चढत चढत दर्शनी दालनातल्या मोठ्या टेबलापर्यंत पोहोचले. येणारा-जाणारा प्रत्येक जण "नमस्कार सर" म्हणूनच पुढे जायचा. सभासदाने नुसता विषय सांगितला की सर उठत, कपाटापाशी जात, पुस्तक काढून त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोलत, आणि ऐकणारा ते पुस्तक घेऊनच जाई. मग ऐकणारे कमी झाले. दुपारी दालनात पंखा फिरायचा, वर्तमानपत्रांवर चार म्हातारे डुलक्या काढायचे, आणि सरांच्या तोंडातली दोन मिनिटं तोंडातच राहायची.

अशात विभागीय कार्यालयाने दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. ग्रंथालयांनी डिजिटल मार्केटिंग कसं करावं, समाजमाध्यमांवर कसं दिसावं, असा विषय. बाकीचे ग्रंथपाल चहाची वाट बघत बसले होते. आमचे सर मात्र पहिल्या रांगेत बसून वही भरत होते. शिकवणाऱ्या बाईंनी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला काहीतरी टाकायचंच. इमारतीचे फोटो टाकू नका, माणूस दाखवा. आणि आलेल्या निरोपाला एका दिवसाच्या आत उत्तर द्या. ज्याला उत्तर मिळत नाही तो पुन्हा दार वाजवत नाही.

"माणूस दाखवा" हे लिहून घेताना, कोणता माणूस, हा प्रश्न सरांना पडलाच नाही.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने फोनवरून समाजमाध्यमावर ग्रंथालयाचं पान उघडून दिलं. सोमवारी नवीन पुस्तकं, शुक्रवारी कोडं आणि बुधवारी "ग्रंथपालांचे चार शब्द". बुधवारसाठी सर इस्त्रीचा सदरा घालून जात. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवत, घसा खाकरत आणि सुरू होत. चार शब्दांचे चारशे व्हायचे. पहिला व्हिडिओ एकेचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या दोन वेळा त्यांची बायकोच होती, कारण पहिल्यांदा बघता बघता तिला मध्येच डोळा लागला होता.

"अहो, चांगलं बोलता," ती म्हणाली, "फक्त लवकर संपवत नाही."

ती शाळेत गणित शिकवायची. तिला सगळं लवकर संपलेलं आवडायचं.

असे चार महिने गेले. आकडा चाळीस-पन्नासच्या पुढे सरकेना. आणि मग एका बुधवारी सरांचा घसा बसला. आवाज म्हणून निघेना. वार चुकवायचा नाही हे तर वहीत तीनदा अधोरेखित केलेलं. काय करावं म्हणून ते फोन घेऊन तळघरात उतरले.

तळघरात बांधणी विभाग होता. विभाग म्हणजे एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, चिकटवायच्या खळीचं भांडं आणि मावशी. मावशींचे वडील छापखान्यात बांधणी करायचे, त्यांच्याच हाताखाली त्या शिकल्या होत्या. तीस वर्षं त्या इथे फाटलेली पुस्तकं शिवत होत्या. छताशी एक बुटकी खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांच्या फक्त चपला-बूट दिसायचे. वरून एकही सभासद कधी खाली आला नव्हता.

सरांनी खुणेनेच विचारलं, हातांचं थोडं चित्रण करू का? मावशी म्हणाल्या, "करा की. माझं तोंड तेवढं नको." आणि पुन्हा कामाला लागल्या. समोर कणा निखळलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. मावशींना एक सवय होती. एकटीच्या कामात लागते तशी. त्या पुस्तकांशी बोलायच्या.

"कोणी वाकवलं गं तुला एवढं? हं, सरळ हो. रुसू नकोस. आता सुई लागेल जराशी, ओरडायचं नाही." दाभण आत-बाहेर होत होतं. मग एक दुमडलेलं पान त्यांनी बोटाने उलगडलं आणि पुटपुटल्या, "पान दुमडणाऱ्याचे कान दुमडायला हवेत एकदा."

एवढंच. पाऊण मिनिट. सरांनी ते जसंच्या तसं पानावर टाकलं आणि घरी जाऊन गरम पाण्याच्या गुळण्या केल्या.

सकाळी उठून बघतात तर नऊ हजार. संध्याकाळी बावीस हजार. रविवारपर्यंत सत्तर हजार.

पहिले दोन दिवस सरांना खरंच आनंद झाला. ग्रंथालयाचं नाव होतंय, आणखी काय हवं? तिसऱ्या दिवशी त्यांनी खालचे अभिप्राय सावकाश वाचायला घेतले. सगळे मावशींबद्दल. ते हात, तो आवाज, ती माया. "कान दुमडेन हं" अशी धमकी लोक एकमेकांना देऊ लागले होते. चित्रण कोणी केलं, पान कोण चालवतं, याची चौकशी एकानेही केली नव्हती. त्याच दिवशी ताईचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"अरे, तुमच्या त्या बाई काय गोड बोलतात रे! मी तीनदा बघितलं."

"माझे बुधवारचे बघतेस ना?"

"तुझे...? हो, म्हणजे, बघायचेत," ताई म्हणाली आणि तिला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण करणार काय? लोक मागत होते म्हणून मावशींचे आणखी दोन व्हिडिओ केले. मात्र या वेळी त्यांना स्वतःचा सुरेल आवाज जोडला. बांधणीचा इतिहास, खळीचे प्रकार, कागदाचं आयुष्य. मागे कुठेतरी मावशींचं पुटपुटणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. पहिलाच अभिप्राय आला: "मध्ये कोण बोलतंय? त्यांना गप्प करा, मावशींना ऐकू द्या." त्याला सहाशे जणांनी दाद दिली होती. त्यातली एक दाद बायकोची होती.

"तू?" सरांनी विचारलं.

"अहो, मला काय माहीत ते तुम्ही आहात! आवाज बारीक केला होता मी."

त्यानंतर सर खाली गेले नाहीत. बुधवारी पुन्हा त्यांचे चार शब्द सुरू झाले. आकडा पुन्हा पन्नासवर आला, पण तो पन्नास त्यांचा स्वतःचा होता.

मावशींकडे साधा फोन होता. आपले हात सत्तर हजार लोकांनी पाहिलेत याचा त्यांना पत्ता नव्हता. सरांनी सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिले, मग सांगायची वेळ निघून गेली, असं ते स्वतःला समजावत.

इथवर नुसता जळफळाट होता, आणि त्याने जळणाऱ्याशिवाय कोणाचं काही बिघडत नाही. पण पानावर निरोप येऊ लागले होते. कोणाच्या आजोबांची वही सुटी झालेली, कोणाच्या मुलाचं प्राण्यांचं पुस्तक वाचून वाचून फाटलेलं. तुमच्या मावशी हे नीट करून देतील का? सरांनी आधी उत्तरंच दिली नाहीत. मग निरोप वाढले, तसं एक वाक्य तयार करून ठेवलं आणि तेच सगळ्यांना पाठवू लागले: "क्षमस्व, बांधणी विभाग बंद आहे."

पहिल्यांदा पाठवताना त्यांनी ते दोनदा वाचलं. पाचव्यांदा वाचलंही नाही.

एका शनिवारी सकाळी ग्रंथालयात एक बाई आल्या. गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या थेट मोठ्या टेबलापाशी आल्या.

"मला उत्तर आलं होतं, विभाग बंद आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "पण मला काही ते पटेना. पुस्तकाशी एवढं बोलणारी बाई काम सोडून जाईल कुठे? म्हटलं, निदान त्यांचा पत्ता तरी घेऊ."

पंचा सोडला तर आत एक शब्दकोश. पाठ गेलेली, पानं सुटी झालेली. बहुतेक शब्दांपुढे पेन्सिलीची बारीक खूण.

"आमच्या ह्यांचा आहे. चाळिशीत वाचायला शिकले. शब्द आला की खूण करायचे. गेले तेव्हा 'व'पर्यंत पोहोचले होते."

सर म्हणाले, "बघतो, काही करता येतं का." आणि तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून पाणी प्यायला मावशी वर आल्या. टेबलावरच्या कोशाकडे त्यांचं लक्ष गेलं नसतं तर नवल.

"अगंबाई, हिचे काय हाल झालेत!" त्या म्हणाल्या.

शिवणाऱ्या बाई गर्रकन वळल्या. "तुम्हीच त्या! आवाज ओळखला मी. मग विभाग बंद झालाय ना तुमचा?"

"कोणी सांगितलं?"

बाईंनी फोन पुढे केला. मावशींनी पदराने चष्मा पुसला आणि ते एक वाक्य सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सरांनी काहीतरी थाप मारली असती. त्या नुसतं पाहत राहिल्या. मग कोश उचलला आणि बाईंना म्हणाल्या, "चला खाली. जपून या, दुसरी पायरी उंच आहे."

दीड तासाने शिवणाऱ्या बाई हसतमुखाने निघून गेल्या. आणखी अर्धा तास सर खुर्चीतच बसून होते. शेवटी उठले आणि खाली गेले.

मावशी धागा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्या बाईंनी दाखवलं मला सगळं. सत्तर हजार म्हणे. माझी नखं खळीने भरलेली होती त्या दिवशी."

"मावशी, मी सांगणारच होतो—"

"ते राहू द्या. बंद आहे म्हणून किती जणांना कळवलंत?"

"सव्वीस."

"सव्वीस पुस्तकं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सर, सव्वीस पुस्तकं दाराशी आली होती आणि तुम्ही ती माघारी पाठवलीत? का पण?"

सरांनी बरीच कारणं जुळवून ठेवली होती. मनुष्यबळ, नियम, बाहेरची पुस्तकं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "मला बघवलं नाही," ते म्हणाले. "मी चार महिने घसा फोडून बोलतोय. तुम्ही पाऊण मिनिट बोललात, तेही माझ्याशी नाही, पुस्तकाशी."

मावशींनी सुई टेबलावर ठेवली.

"मी पण जळलेय तुमच्यावर. तीस वर्षं त्या खिडकीतून पायच बघतेय मी. वर गेले की कानावर येतं, नमस्कार सर, नमस्कार सर. पुस्तक मी जोडायचं आणि आभार तुम्ही घ्यायचे. घरी जाऊन बहिणीपाशी बोटं मोडलीत मी तुमच्या नावाने. पण तुमच्या दाराला कुलूप नाही घातलं."

मावशींनी मागून एक कोरा कागद पुढे सरकवला. "नावं लिहा. सगळी. आणि कोणाचं काय फाटलंय तेही."

त्या दुपारी सरांनी सव्वीस निरोप पाठवले, प्रत्येक वेगळा, प्रत्येकात हे कबूल करून की विभाग कधीच बंद नव्हता, चुकीचं उत्तर आपणच दिलं. सतरा जण पुस्तकं घेऊन आले. आठ जणांनी ते वाचून सोडून दिलं. एकाने लिहिलं की आजोबांची वही आम्ही रद्दीत घातली, आता तुमची माफी ठेवा तुमच्यापाशी. तो निरोप सरांनी पुसला नाही. मावशींनाही वाचून दाखवला.

मग शनिवारची सकाळ दुरुस्तीची ठरली. ज्याने आपलं पुस्तक आणायचं, त्याने स्वतःच ते शिवायचं, मावशी दाखवतील तसं. तळघर भरलं, जिन्यावर माणसं बसू लागली. वाट बघणारे वर दालनात थांबत. थांबता थांबता कपाटं चाळत, आणि सरांना त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायला मिळे. वर्षात चारशे नवे सभासद झाले. चित्रण सर करायचे, आपला आवाज न घालता. ते त्यांना जड जायचं. बुधवारचे चार शब्दही त्यांनी सोडले नाहीत. बघणारे दीडशेवर गेले, त्यापुढे नाही.

हेवा गेला म्हणावं, तर तसं झालं नाही. पुढच्या वर्षी विभागीय कार्यालयाच्या शिबिरात "एका यशस्वी ग्रंथालयाची गोष्ट" सांगायला बोलावणं आलं, ते मावशींच्या नावाने. खाली लिहिलं होतं, सोबत ग्रंथपाल आले तरी चालतील. बायकोने ते पत्र दोनदा वाचलं आणि हसू दाबायला पाठ फिरवली.

शिबिरात मावशींनी वीस मिनिटांत एक पुस्तक शिवलं आणि त्याला रागावल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. सर तिसऱ्या रांगेतून टाळ्या वाजवत होते आणि मनातल्या मनात स्वतःची वीस मिनिटं बोलत होते.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसल्या होत्या, सर शेजारी. पुढच्या बाकावरची एक मुलगी दोनदा मागे वळली, तिसऱ्यांदा उठूनच आली.

"तुम्ही त्या कान दुमडणाऱ्या ना? एक फोटो काढू का तुमच्यासोबत?" मग सरांना म्हणाली, "काका, तुम्ही जरा उठता का? आणि प्लीज, तुम्हीच काढाल का?"

सर उठले. दांडीला टेकून त्यांनी फोन धरला. बस हलत होती, पहिला फोटो पुसट आला. तसाच देऊन टाकावा, असं क्षणभर वाटलं. मग म्हणाले, "मावशी, थोडं उजेडाकडे वळा," आणि बस थांब्यावर थांबेपर्यंत वाट बघून दुसरा काढला. तो स्वच्छ आला.