धर्माबादचे गोरे सर

सरांशी मी पहिलं वाक्य इंग्रजीत बोलले. रिक्षात बसल्यापासून ते घोकत होते, कारण खोली सुचवणाऱ्या मैत्रिणीने घरमालकाबद्दल एवढंच सांगितलं होतं की ते गोरे आहेत. दार उघडलं तर निळ्या डोळ्यांचा, लालबुंद गोरा, उंचापुरा म्हातारा लुंगी-बनियनवर उभा. मी म्हणाले, "सर, रूम इज अव्हेलेबल?"

त्यांनी मला शांतपणे न्याहाळलं. "हाय ना माय. पर चप्पल भायेर काढ, आत्ताच फरशी पुसून राहिलो मी."

नांदेडात विष्णुपुरीच्या वाटेवर त्यांचं घर होतं. माझ्या बी.ए.ची सगळी वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत काढली. सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. भाजीवाले त्यांना भाव इंग्रजीत सांगत आणि जरा वाढवून सांगत. मग सर असल्या अस्सल भाषेत घासाघीस करत की भाजीवाला ओशाळून कोथिंबीर फुकट घाली. कुणी "सर, तुम्ही मूळचे कुठले?" विचारलं की मिरचीच्या गावाला शोभणारं उत्तर ठरलेलं होतं. "धर्माबादचा. मिरची खाऊन दावू का?"

त्यांची आई पोलंडची होती. महायुद्धात घरातून हाकलली गेलेली पोलिश माणसं सैबेरिया, इराण असं फिरत कोल्हापूरजवळच्या छावणीत आली होती, त्यांतली ती एक मुलगी. सरांचे वडील तेव्हा धर्माबादहून कोल्हापूरला तालमीत कुस्ती शिकायला गेले होते आणि छावणीत दूध घालत. पुढचं सर थोडक्यात आटपत. "म्हाताऱ्याला कुस्ती काय जमली न्हाई. बायको घेऊन आला." लग्नात झोफियाची सुभद्रा झाली. ती आयुष्यभर धर्माबादचीच भाषा बोलली आणि मागचं एक अक्षर तिने सांगितलं नाही.

मला हे सगळं कळलं ते माझ्या गरजेपोटी. दुसऱ्या वर्षाला आम्हाला कुटुंबाच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. हिमायतनगरजवळच्या गावी जाऊन मी आजोबांना आपला इतिहास विचारला, तर ते म्हणाले, "शेत केलं," आणि जनावरांना पाणी दाखवायला उठून गेले. माझा प्रकल्प दोन शब्दांत संपला. म्हणून मी घरमालकांचा इतिहास उसना घेतला. त्या दिवसापासून सर मला "संशोधक बाई" म्हणू लागले. भाजी खारट झाली तरी विचारत, "संशोधक बाई, मीठ किती पडलं ह्याचा पुरावा हाय का?"

पण एका संध्याकाळी त्यांनी थट्टा न करता एक गोष्ट सांगितली. आई शेवटच्या आजारात बोलेनाशी झाली होती. एकच शब्द सारखा म्हणायची, "बापचा, बापचा." सरांना वाटलं, बापाचं काहीतरी हवंय. त्यांनी वडिलांचा फेटा आणून दिला. तिने बाजूला सारला. कोट दिला, तोही सारला. मग तालमीतला गदा घेतलेला फोटो. तिने डोळे मिटून घेतले.

"समदं घर उलटं केलं मी," सर म्हणाले. "शेवटी शेजारची अनसूयामाय येऊन बसली, मिरच्या खुडता खुडता उठून आलेली. तर मायनं माझा हात सोडला अन् तिचा धरला. पोटचा पोरगा बसला बाजूला." मग ते म्हणाले, "तिनं मागितलेलं मला देता आलं न्हाई बाई. काय होतं तिच्या बापाचं, तेवढं हुडकून दे."

"तिच्या" हा शब्द ऐकून मी ताडकन ताठ बसले. नवऱ्याचं नव्हे, तिच्या स्वतःच्या बापाचं. मला फार मोठा शोध लागल्यासारखं झालं. प्रकल्पाचं पहिलं प्रकरण मी माहिती मिळण्याआधीच लिहून टाकलं. त्यात झोफियाच्या वडिलांना मी सैनिक केलं आणि त्यांच्या छातीवर एक पदकही लावलं. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, पदक कुठून आलं? मी म्हणाले, अंदाज आहे.

मग पोलंडमधल्या एका अभिलेखागाराला मेल केला. युद्धात परागंदा झालेल्यांच्या नोंदी ते नातेवाइकांना शोधून देत. आमच्याकडे कुठल्याही अर्जाला कागद जोडावे लागतात, म्हणून मी बोनाफाईड, मार्कमेमो, आधार आणि रहिवासी दाखला जोडला. शेवटी "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी" लिहिलं. आठवड्याने हान्ना नावाच्या बाईंचं उत्तर आलं. तुमचे गुण चांगले आहेत, पण आम्हाला सरांच्या आईबद्दल सांगा, असं त्यात होतं. आडनाव सरांना फक्त धर्माबादी उच्चारात पाठ होतं. मी ते इतक्या प्रकारे लिहून पाठवलं की हान्नाबाईंना वाटलं, आम्ही तीन-चार वेगवेगळी माणसं शोधतोय. शेवटी त्यांनी सुचवलं की प्रत्यक्ष बोलू.

व्हिडिओ कॉल ठरला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली लुंगीच ठेवली. पोलिशमध्ये बाईंना आदराने "पानी" म्हणतात, हे मी इंटरनेटवर वाचून सरांना शिकवलं होतं. पडद्यावर हान्नाबाई आल्या. पांढरे केस, चष्मा, खांद्यावर शाल. सरांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "पानी हान्ना." स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे सरांच्या बायको, तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

हान्नाबाईंचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे छान जमलं. मी बापाचं काय ते विचारत होते. त्या सांगत होत्या की वडिलांबद्दल काहीच सापडत नाही, ते युद्धाच्या सुरुवातीलाच पकडून नेले गेले असावेत. माझं पदक तिथेच गळून पडलं. सर मान खाली घालून ऐकत होते.

तेवढ्यात तिकडे दार आपटलं. एक चिमुरडी आत धावत आली आणि हान्नाबाईंच्या मांडीवर चढत ओरडली, "बापचा."

सरांनी मान वर केली. ती पुन्हा म्हणाली, "बापचा," आणि बाईंचा गाल ओढू लागली.

"काय म्हणून राहिली ती?" सरांनी मला विचारलं. मला काय माहीत. मी हान्नाबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माझी नात आहे, मला आजी म्हणून हाक मारते.

मग सरांच्या आईची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि समोरचे कागद पुन्हा चाळले. झोफियाच्या वडिलांनाच शोधायचं, असा धोशा मी लावला होता, म्हणून त्यांनी आजीचं काही सांगितलं नव्हतं. सैबेरियातून झोफिया आजीबरोबर निघाली होती. दोघी इराणपर्यंत पोचल्या. आजीला तिथेच पुरलं. मुलगी पुढे एकटी आली.

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना माझी मान वर होत नव्हती, कारण सरांनी मला बाप शोधायला सांगितला होता आणि मी उत्साहाने त्याच चुकीच्या वाटेवर त्यांना आणखी लांब नेलं होतं. तिकडची नात पडद्याकडे टक लावून बघत होती.

"अनसूयामायचा हात," सर हळूच म्हणाले. "तिच्या हाताला सुरकुत्या होत्या बघ. माझ्या हाताला न्हवत्या तवा." काकूंनी आणलेलं पाणी ते आता घटाघट प्यायले. "म्हंजी आजी भेटली की तिला. मी उगंच फेटे दावत बसलो."

प्रकल्पाला मला जेमतेम गुण मिळाले. मॅडमनी शेरा दिला की निष्कर्ष भावनिक आहे. शेरा खरा आहे. बी.एड.साठी मी लातूरला निघाले तेव्हा सर स्टँडवर सोडायला आले होते, माझी बॅग स्वतः उचलून. कंडक्टरने त्यांना वाकून विचारलं, "सर, व्हेअर फ्रॉम?" मी मिरचीची वाट बघत होते.

"धर्माबादचा," सर म्हणाले. "अन् थोडा बापचाचा."

कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ अडखळली. "बापाचाच असतो की हो माणूस, थोडा कशाला," तो म्हणाला आणि त्याने घंटी मारली. सरांनी त्याला समजावून सांगितलं नाही. ते फक्त माझ्याकडे बघून हसले.

यंदा उन्हाळ्यात सर गेल्याचा काकूंचा फोन आला, तेव्हा मला तेच हसणं आठवलं. तो शब्द आता नांदेड-लातूरकडे काकूंना आणि मलाच काय तो कळतो, आणि मी तो अजून नीट उच्चारत नाही.