साखळीतात्यांचे दोन दगड

“म्हाताऱ्याची साखळी सैल पडली वाटतं,” माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं आणि शेजारचा हसला. नगरपालिकेच्या सभागृहात विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी चालली होती. साखळीतात्या समितीच्या टेबलासमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून, अजून पलटणीतच असल्यासारखे उभे होते. त्यांच्या कानावर ते गेलं की नाही कुणास ठाऊक. मी मांडीवरच्या फायलीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

तात्या नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात जमीन मोजायचं काम करत. मूळचे पाटणकडचे. पलटणीत पूल बांधणाऱ्या तुकडीत होते, तिथून सुटून सांगलीजवळच्या आमच्या गावात नोकरीला आले. जुनी शंकू साखळी म्हणजे जणू त्यांच्या हाताचाच भाग. लांबी तेहतीस फूट, आणि तिचे सोळा भाग. मीटरची नवी साखळी कपाटात कोरी पडून होती. रोज सकाळी तात्या नगरपालिकेच्या अंगणात आपली साखळी अंथरत. तिथे त्यांनी स्वतः दोन दगड पुरले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. साखळीची टोकं दोन्ही दगडांवरच्या खुणांना टेकली की मगच चहा घ्यायचे.

“लोखंड हाय बाई,” मला एकदा म्हणाले. “उन्हात वाढतंय, थंडीत आकसतंय. रोज इचारल्याबिगर त्याच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई.”

मी तिथे सहा महिन्यांच्या हंगामी नेमणुकीवर होते. वडील फौजेत, त्यामुळे माझं सगळं शिक्षण पाचगणीच्या इंग्रजी शाळेत झालं. मराठी आकडे वाचताना मला मनात एकदा थांबावं लागे. ऑफिसात ते सगळ्यांना माहीत होतं. ओव्हरसियर मला ‘मिस’ म्हणत, आणि म्हणताना इतरांकडे बघत. तात्या मात्र ‘बाई’ म्हणत, आणि माझ्याकडेच बघत. मी फारसं बोलत नसे याचंही त्यांना काही वाटत नसे. चार तास रानात माझ्यासोबत फिरले, तर चार वाक्यं बोलायचे, आणि त्यातली दोन साखळीशी.

जमिनीवर उभं राहिल्याशिवाय नकाशाबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मुलींच्या शाळेचं प्रकरण आलं तेव्हा पहिल्याच दिवशी ते मला तिकडे घेऊन गेले. शाळेमागच्या उसाच्या रानात सोसायटीचे प्लॉट पडणार होते. वस्ती वाढणार, मुली वाढणार, म्हणून शाळेला पाच खोल्या वाढवून हव्या होत्या. एक वर्ग तर व्हरांड्यातच भरत होता. शाळेच्या हद्दीला लागून चौगुले अण्णांची जागा होती. अण्णा जैन शेतकरी, हळदीचे व्यापारीही. दोन्ही जागांच्या हद्दीवर तात्यांनी पायातली चप्पल काढली आणि टाच जोरात आपटली.

“ऐका.”

मला काही ऐकू आलं नाही. तात्या तीन-चार पावलं अण्णांच्या बाजूला सरकले आणि त्यांनी पुन्हा टाच आपटली. या वेळी खालून घुमल्यासारखा आवाज आला.

“खाली पेव हाय. दोन पुरुस खोल खड्डा, हळदीनं भरल्याला. वर बगाल तर निस्ती माती. नकाशात ह्ये कुटं दिसायचं?”

मग त्यांनी शाळेची बाजू मोजली, लाल कापडी बांधणीच्या वहीत आकडे लिहिले आणि वही माझ्या हातात दिली. ओव्हरसियर म्हणाले, “मिस, याचे मीटर करून तक्ता टाइप करा.” मी केला. तक्ता सुबक झाला होता. ओव्हरसियरनी कौतुकही केलं आणि वहीशी पडताळून न बघताच सही केली. त्या तक्त्यावरून आराखड्यात शाळेची हद्द आखली गेली.

अण्णांनी हरकत घेतली. सरकारी मोजणीदार येऊन मोजून गेला. त्याच्या मापात शाळेची बाजू आमच्यापेक्षा दहा फूट कमी भरली. आम्ही आखलेली रेघ अण्णांच्या जागेत दहा फूट शिरली होती, थेट पेवावर. म्हणून ती सुनावणी.

अण्णा सरळ बोलले. “शाळंला माझी ना न्हाई. माझ्या दोन नाती तितंच शिकत्यात. पन पेवावर भित बांदली, तर भित बी जाईल आन पोरी बी.”

नगराध्यक्षांनी माझा टाइप केलेला तक्ता तात्यांच्या पुढे सरकवला. “तात्या, हे माप तुमचं ना?”

तात्यांनी चष्मा लावला आणि आकड्यावर बोट ठेवलं. तिथे बारा पूर्णांक आठ साखळ्या असं लिहून पुढे मीटर काढले होते. ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी मान वर करून सभागृहात बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. फार नाही, एक श्वासभर. त्यांच्या खांद्याला पिशवी होती आणि तिच्यातून लाल वहीचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी तो हातानं आत ढकलला.

“मोजणीची वही आणलीय का?”

“घरी ऱ्हायली साहेब. झाली आसंल चूक. डोळं आता पयल्यावानी न्हाईत.”

त्याच वेळी मागच्या बाकावरून ते सैल साखळीचं वाक्य आलं होतं.

रेघ दहा फूट मागे घेतली गेली. शाळेचा नकाशा पुन्हा काढायचा ठरला आणि पाच खोल्यांच्या चार झाल्या. त्यासाठी पुन्हा मंजुरी, पुन्हा मुदत. व्हरांड्यातल्या मुलींना आणखी एक पावसाळा तिथेच काढावा लागणार होता. मुख्याध्यापिका जाताना तात्यांच्या नमस्काराकडे न बघता गेल्या.

संध्याकाळी मी अंगणात त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. चूक माझी आहे एवढं मला कळलं होतं, पण कुठे आहे ते कळत नव्हतं. तात्यांनी वही उघडली. त्यांच्या अक्षरात बारा, मग एक आडवी रेघ, मग आठ. साखळी हातात घेऊन त्यांनी ती मधोमध दुमडली.

“ह्ये सोळा भाग. एकेका भागाला आणा म्हनायचं. आठ आनं म्हंजे किती?”

“अर्धी,” मी म्हणाले. बारा साखळ्या आणि आणखी अर्धी. मी आठ दशांश धरलं होतं. मला व्यवहार कळायला लागला तोवर आणे बाजारातून गेले होते. शाळेत मला कुणी ते शिकवले नव्हते, आणि ऑफिसात मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लोक हसले असते, एवढंच.

“तुम्ही वही का नाही दाखवली?”

“माझं नोकरीचं चार म्हैनं ऱ्हायल्यात. तुमी अजून कायम बी झाला न्हाईसा.” साखळी गुंडाळत म्हणाले, “आता कुटं बोलू नगा. झालं त्ये झालं.”

मी बोलले नाही. ते सोपं होतं. बोलायचं नाही ही माझी लहानपणापासूनची सवय, आणि आता तर मला तसं सांगितलंही होतं.

ओव्हरसियरनी दुसऱ्याच दिवशी कपाटातली मीटरची साखळी काढून एका शिपायाच्या हातात दिली. तात्यांना रेकॉर्डच्या खोलीबाहेर एक स्टूल मिळालं. जुन्या फायलींची धूळ झाडायची आणि कुणी मागितली तर फाईल काढून द्यायची. चारही महिने ते रोज सकाळी अंगणात जात, आपली साखळी त्या दोन दगडांमध्ये अंथरत, टोकं जुळली की गुंडाळून ठेवत आणि चहा घेत. येणारे-जाणारे म्हणत, “तात्या, आता कशाला मापताय?” तात्या म्हणत, “सवय हाय रं गड्या.” माझी खिडकी अंगणाकडेच होती. दरम्यान मला कायम केल्याचा कागद आला. तात्यांनी मला पेढा आणून दिला. तो मी खाल्ला.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी त्याच सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. शाल होती, नारळ होता. तात्यांच्या कारभारणी पाटणहून आल्या होत्या. पहिल्या रांगेत, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसल्या होत्या. ओव्हरसियर बोलले, मग नगराध्यक्ष उठले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

“तीस वर्षं सेवा केली तात्यांनी,” ते म्हणाले. “शेवटी वय झालं की हात थरथरतो, एखादं माप चुकतं. ते आपण मोठ्या मनानं विसरून जाऊ.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या समोर बघत होते. त्यांच्या कारभारणींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, काहीतरी विचारावं तसं. चार महिन्यांत त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती माझीच होती. सगळे वळले, तात्यांनी मला हातानं बसा म्हणून खुणावलं, आणि माझा आवाज मला अनोळखी माणसाचा वाटला.

“तात्यांचं माप चुकलं नव्हतं. त्यांच्या वहीत बारा साखळ्या आठ आणे आहेत. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी, हे मला माहीत नव्हतं. तक्ता मी केला होता.”