एकानंतर दहा

आई गेल्यावर बाबा मुखेडच्या घराला कुलूप लावून माझ्याकडे नांदेडला आले. ते जन्मभर एसटीत कंडक्टर होते. बसमध्ये चढणाऱ्याकडे, हा बिनतिकीट तर उतरणार नाही ना, अशा नजरेनं बघायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. माझ्याकडे आल्यावर ती नजर काही दिवसांतच माझ्यावर आली.

त्याचं असं झालं. बाबांना एक जुनी मालिका पुन्हा बघायची होती. मुखेडला आईसोबत बघताना निम्मे भाग लोडशेडिंगमध्ये गेले होते. लातूरला असलेल्या माझ्या धाकट्या भावानं कुठून तरी सगळे भाग मिळवून हार्ड डिस्कवर पाठवले. आमच्या टीव्हीला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला आहे, त्यातल्या सॉफ्टवेअरवर मी ते चढवले. पण ते सॉफ्टवेअर एक भाग संपला की लगेच दुसरा सुरू करायचं. बाबांना ते पटेना.

"रोज एकच पायजे. सोमवार ते शुक्रवार, साडेसातला. पयलं लागायची तशी."

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, कामापुरत्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहायला शिकलेय. दहा-बारा ओळी लिहिल्या. साडेसात वाजले की न पाहिलेला पुढचा भाग लाव, संपला की थांब. पहिल्या संध्याकाळी बाबा खूश होते.

दुसऱ्या संध्याकाळपासून ते बदलले. मालिका बघायचे, पण एक शब्द बोलायचे नाहीत. ताटात भात तसाच राहू लागला. मी फोन घेऊन गॅलरीत गेले की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. मुखेडहून आणलेल्या त्यांच्या ट्रंकेला कुलूप लागलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला गेली. एक दिवस भावाचा फोन आला. "ताई, बाबा मला इचारून राहिले होते, तुमचं दोघांचं काय शिजून राहिलंय म्हणून."

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. आपण घरात नसताना बाबा दुपारी पुढचे भाग बघून घेतात, म्हणून संध्याकाळी त्यांचं लक्ष नसतं. मलाही ते खरं वाटायला लागलं. एका दुपारी डोकं दुखतंय असं सांगून ऑफिसातून निघाले आणि आवाज न करता दार उघडलं. टीव्ही बंद होता. बाबा खुर्चीत बसले होते, दाराकडेच तोंड करून.

"काय तपासायला आलीस?"

मी काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, मी स्वयंपाकघरात असताना त्यांची हाक आली.

"बाई, इकडं ये. ही बघ."

पडद्यावर मालिकेतल्या घरची म्हातारी नवऱ्याला भाकरी वाढत होती.

"ही मेली की मागच्या आठवड्यात. हिचं तेरावं झालं. आज जिती कशी?"

बाबांचा आवाज चढला. "पयल्या दिवशी सगळे एका घरात. दुसऱ्या दिवशी मधात भिंत. मधलं कोणी काढलं? पोरांनी बापाचं काय केलं, ते मला दिसू नये म्हणून तुम्ही दोघांनी काढलं ना?"

एवढं बोलूनही त्यांची नजर पडद्यावरच्या त्या म्हातारीवरून हलत नव्हती.

मी कॉम्प्युटरवर भागांची यादी उघडली. भाग एक. त्याखाली दहा, अकरा, बारा, थेट एकोणीसपर्यंत. त्यानंतर दोन. माझी स्क्रिप्ट भाग नावाप्रमाणे लावत होती, आणि नावातला आकडा तिला अक्षरासारखा दिसत होता. १० ते १९ हे सगळे १ नं सुरू होतात म्हणून आधी, २ त्यांच्यानंतर. मी बाबांना बोट ठेवून दाखवलं.

"म्हणजे ह्याला दोन मोठं का दहा मोठं, कळत न्हाई?"

"नावात लिहिलं तर नाही कळत."

"बरं. आन गॅलरीत काय बोलून राहतेस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मुखेडच्या घरात भाडेकरू ठेवावा का, ते चाललंय."

"मला न इचारता?"

मी तिथल्या तिथं भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला. भाऊ समजावत होता, घर बंद ठेवलं की खराब होतं वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या घरात तुझ्या मायचं सामान हाय," एवढंच म्हणाले. भाडेकरूचा विषय तिथंच संपला.

मी स्क्रिप्टमध्ये आकडा वेगळा काढून त्याप्रमाणे क्रम लावला. बाबांनी आणखी एक सांगितलं, भाग सुरू व्हायच्या आधी त्याचा आकडा पडद्यावर मोठा दिसला पाहिजे. तेही केलं. बुधवारी पुन्हा दोन लागला, गुरुवारी तीन. बाबा आकडा वाचायचे, मग माझ्याकडे एकदा बघायचे.

शनिवारी ते घर उघडून साफ करायला एकटेच मुखेडला निघाले. जाताना ट्रंकेतले कपडेही घेतले. "सोमवारी येतो," म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. सोमवारी ऑफिसातून आल्यापासून मी फाटकाकडे बघत होते. सात वाजून गेल्यावर ऑटो थांबला. बाबा पिशवी घेऊन उतरले, हातपाय धुतले आणि टीव्हीसमोर बसले.

"पाच," पडद्याकडे बघत ते म्हणाले. "बरोबर हाय का?"

"हाव, बरोबर."

त्यांनी मान हलवली, आणि मला बसायला शेजारची खुर्ची ओढली.