काठोकाठ चहा

मुरादभाई गेल्याचं त्याच्या मुलीनं, झरीनानं, दारात उभं राहून सांगितलं. मी तांदूळ निवडत होते. "बैठ," म्हटलं. बसली नाही, नुसती रडत राहिली. बाप होता तेव्हा रोज पाच मिनिटं त्याच्याजवळ बसली असती तर... पण जाऊ दे. माझा मुलगा तरी कुठे बसतो?

अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा मजल्यावर दोघंच उरायचो, मी आणि समोरच्या दारातला हा उझबेक कवी. ताश्कंदला असताना हिंदी गोष्टी आपल्या भाषेत आणायचं काम करायचा, त्यामुळे हिंदी बोलायचा, तीही छापील. माझी शाळा चौथीपर्यंत आणि हिंदी नागपूरची. त्यावर चार वर्षं भागवलं. मला तरी दुसरं कोण होतं? नातवाला हाक मारली तर "व्हॉट, आजी?" म्हणून पुन्हा टीव्हीकडे बघायचा.

माणूस गर्विष्ठ होता. तरुणपणी सरकारला आवडतील अशा कविता लिहून नाव कमावलं, हे तो स्वतःच मिरवत सांगायचा. एकदा कापसाची कविता ऐकवली. शेत म्हणजे जमिनीवर उतरलेलं चांदणं म्हणे.

मी विचारलं, "कपास कभी चुना है?"

"मैं कवि हूँ, आपा."

"तो फिर चुप बैठो."

मी आठ वर्षांची असल्यापासून कापूस वेचलाय. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाखाली शिरतात, रक्त लागलं की मुकादम ओरडतो. चांदणं! दोन दिवस म्हातारा फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला आणि विचारू लागला, नखाखाली म्हणजे नेमकं कुठे? मी बोट पुढे केलं. त्यानं लिहून घेतलं. आयुष्यभराच्या लिहिण्यात तेवढंच खरं असेल.

पण माझा खरा राग त्याच्या चहावर. त्याच्याकडे गेलं की बिनदुधाचा पिवळट चहा, बिनकानाच्या वाडग्यात, तोही निम्माच. आमच्या गावात पाटलाच्या अंगणात आम्हाला असाच वरून, अर्धा कप ओतायचे. ते मी विसरले नव्हते. म्हटलं, थांब, तुला दाखवते पाहुणचार काय असतो. तो आला की दुधाचा, आल्याचा चहा कप काठोकाठ भरून द्यायची. तो घटाघट प्यायचा आणि लगेच उठायचा. दोन शब्द बोलायलाही थांबायचा नाही. मनात म्हणायची, बघा, फुकट्या.

शेवटी आजारी होता तेव्हा मी गेले. तरी माझा वाडगा त्यानं स्वतःच भरला, अगदी काठापर्यंत. मला बरं वाटलं. म्हटलं, शिकला एकदाचा. प्याले आणि घरी आले. चार दिवसांनी गेला.

शोकसभेला विद्यापीठातली माणसं आली. एकजण म्हणाला, सूर्य मावळला. चार वर्षांत यातल्या एकानंही आमचा जिना चढला नव्हता. सूर्याची पुस्तकं खोक्यात भरून तळघरात गेली आहेत. ती लिपी त्याच्या नातवंडांना येत नाही.

नंतर झरीना सगळ्यांना अर्धा अर्धा चहा देत होती. मला राहवलं नाही. "बाप गया, फिर भी हाथ इतना तंग?"

ती डोळे पुसत म्हणाली, "आपा, हमारे यहाँ मेहमान को कम देते हैं. बार बार डालने के लिए. बैठा रहे, इसलिए. पूरा भर दिया मतलब... पियो और जाओ."

म्हणजे चार वर्षं मी त्याला रोज घराबाहेर काढत होते. आणि तो बेशरम दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

मग शेवटचा तो भरलेला वाडगा? माझ्या रीतीनं मान दिला, की त्याच्या रीतीनं ऊठ म्हटलं? झरीनाला विचारलं. तिला ठाऊक नाही. सूर्यवाल्यांना तर नाहीच नाही.

तो वाडगा तिनं मला दिलाय. निम्मा भरावा तर त्याची रीत, पूर्ण भरावा तर माझी. मी तो ओट्यावर पालथा घालून ठेवलाय.