सही-शिक्क्याशिवाय कप नाही

कोपऱ्यावरचा चहावाला ‘दोन कप’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चहा असतो. शेजारची बेकरीवाली ‘दोन कप’ म्हणते तेव्हा मैदा. त्या दोघांच्या मधल्या दुकानात जाऊन ‘दोन कप’ म्हटलं, तर समोरचा माणूस चष्मा कपाळावर चढवून विचारतो, “उपविजेत्यालाही देताय वाटतं?”

हे कपकाका. वय एकसष्ट. बक्षिसाचे कप विकायचे, जुने उजळायचे आणि त्यांवर नावं कोरायची, हा त्यांचा एकतीस वर्षांचा धंदा. शाळेत पोत्यांच्या शर्यतीत पडून त्यांनी एक दात पाडून घेतला होता. त्यांचा खेळाशी आलेला थेट संबंध एवढाच.

त्यांचा नियम एकच. आयोजकांचं सही-शिक्क्याचं पत्र आल्याशिवाय कपावर कुणाचंही नाव कोरायचं नाही. एकदा एक गृहस्थ सासरेबुवांना दाखवण्यापुरता बुद्धिबळाचा कप मागायला आले होते. काकांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, “आधी जिंका. मी सातपर्यंत असतो.”

दुकानातला पोचे आलेला, कान तुटलेला माल घरी जातो. काकूंच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ कपांत असतात, चमचे कपात असतात, आणि शेजारणीला उसनी साखर द्यायची तीही कपातूनच. काकू इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या चिटणीस आहेत. मंडळाचा रबरी शिक्का त्यांनी एका वाकड्या कपात ठेवला आहे.

त्या आठवड्यात काकांकडे फिरता कप आला होता. अग्निशमन दल आणि टपाल खातं यांच्यात दरवर्षी रस्सीखेच होते, त्याचा हा चाळीस वर्षं जुना कप. काकांनी तो खालच्या लाकडी बैठकीपासून सोडवला, घासला आणि लॅकरचा हात दिला. पण दुकानामागे सुताराचं काम चाललं होतं. भुसा बसू नये म्हणून त्यांनी बैठक दुकानात ठेवली आणि नुसता कप घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला.

रविवारी सकाळी नऊला खिडकी रिकामी होती. बक्षीस समारंभ बाराला होता.

“इथला कप कुठाय?”

“कुठला?” काकू म्हणाल्या. “बिनबुडाचा? खालची शिंपीण साखर मागायला आली होती, त्यात घालून दिली.”

“अगं, तो चाळीस वर्षांचा फिरता कप आहे!”

“मग फिरतोय की.”

काका दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. खालच्या मजल्यावरची शिंपीण मशीनवर बसली होती. साखर तिने केव्हाच डब्यात ओतली होती. कप? ती जरा घुटमळली. “मामंजींची वाटी फुटली ना काल. त्यांनी कवळी ठेवलीय त्यात.”

मामंजी म्हणजे निवृत्त लिफ्टमन, वय ब्याऐंशी. पलंगाशेजारच्या स्टुलावर दोन पुस्तकांच्या बेचक्यात कप उभा होता. त्यातल्या पाण्याला कवळी धुण्याच्या गोळीचा दाट पुदिन्याचा वास येत होता आणि तळाशी दोन्ही जबडे हसत होते.

“आजोबा, एवढा कप द्या. दुसरा देतो.”

“का म्हणून?” आजोबा दातांविना म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांना वर नेलं. कुणी साधी पेन्सिल दिली नाही. आज कप आला घरात, तर तुम्ही दारात हजर.”

“मामंजी, द्या हो, त्यांची अब्रू जाईल,” सून म्हणाली.

“माझे दात जातायत, ते?”

काका वर पळाले आणि घरातला सर्वांत मोठा कप घेऊन आले. त्याचा एक कान वाकडा होता, पण बैठक भक्कम. आजोबांनी तो उलटसुलट पाहिला. “यावर नाव कुठंय? कोऱ्या कपाला काय चाटायचंय? माझं नाव घाला. पहिला नंबर घाला. मग बोला.”

घड्याळात साडेनऊ झाले होते. मैदान अर्ध्या तासावर होतं आणि बैठक दुकानात. दुसरा कुणी असता तर खरड-खरड करून मोकळा झाला असता. काका कपाळाला हात लावून स्टुलाच्या कडेला बसले. “आजोबा, मी खोटं कोरत नाही. पहिला नंबर कशात आला तुमचा?”

एवढ्यात काकू खाली आल्या. “सकाळी उठण्यात. चारला उठतात नि खाकरून सगळी इमारत उठवतात.”

“स्पर्धा झाली का?”

“एकवीस वर्षं रोज होतेय. बाकीचे हरतात.”

“पत्र?” काका म्हणाले.

काकूंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की शिंपिणीने मशीन थांबवलं. पण त्या वर गेल्या, वाकड्या कपातून शिक्का काढला आणि मंडळाच्या कागदावर तीन ओळी लिहून आणल्या. काकांनी पत्र दोनदा वाचलं. “तारीख राहिली.”

“घाला हो तुम्हीच, नाहीतर हाच कप डोक्यात घालीन!”

तारीख पडली. काकांनी खिशातली हातकोरणी काढली आणि बावीस मिनिटांत नाव, क्रमांक आणि ‘प्रातःकालीन उठणे’ कोरलं. आजोबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, जबडे नव्या कपात हलवले आणि फिरता कप काकांच्या हवाली केला.

तो तीन वेळा साबणाने धुतला गेला. यामागे कारण होतं. जिंकलेला संघ त्याच कपातून आळीपाळीने सरबत पितो, ही त्या रस्सीखेचीची चाळीस वर्षांची पद्धत.

बाराला पाच मिनिटं असताना मैदानाच्या कडेला बैठकीचा नट आवळला गेला. टपालवाले जिंकले. कप डोक्यावर गेला, खाली आला, भरला गेला. कर्णधाराने मोठा घोट घेतला आणि थबकला. काका बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

“यंदा पुदिना घातलाय का?” कर्णधाराने विचारलं. “झकास! दरवर्षी घालत जा.” आणि कप शेजारच्याला दिला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, “कुणाला कळलं का?”

“नाही. पण पुढच्या वर्षी आजोबांकडून एक गोळी आणून ठेव.”